जोडआडनावाचा हयातीपुरता हक्क

शाळेच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका असो, महाविद्यालयाच्या वार्षिकातील प्राध्यापकवर्गाची यादी असो, की गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखालचा नामफलक असो. गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात एक लहानसे चिन्ह वारंवार दिसू लागले आहे. ते म्हणजे दोन आडनावांच्या मधली आडवी रेघ. अश्विनी भिडे-देशपांडे, आरती अंकलीकर-टिकेकर, पद्मजा फेणाणी-जोगळेकर ही नावे रसिकांच्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की त्यांतील एक आडनाव गाळले तर नाव अपुरे वाटावे. कलेच्या क्षेत्रात ठळकपणे दिसणारी ही रीत आज शिक्षिका, वकील, डॉक्टर, बँकेतील अधिकारी अशा स्त्रियांतही रूढ झाली आहे.

या रेघेकडे पाहण्याच्या दोन ठरावीक दृष्टी आहेत. काहींना तो शहरी, सुशिक्षित स्त्रियांचा मिरवण्याचा सोस वाटतो; काहींना ती स्त्रीस्वातंत्र्याची पताका वाटते. थट्टा आणि कौतुक या दोहोंत एक गोष्ट निसटते. आडनाव ही केवळ भावनेची बाब नाही. ती हक्काची नोंदही असते. समाजात कोणाचे नाव कोणापर्यंत चालते हे पाहिले, म्हणजे मालमत्ता कोणाकडून कोणाकडे जाते याचाही बराच उलगडा होतो. या कसोटीवर तपासले असता असे दिसते, की स्त्रीने आपल्या नावापुढे माहेरचे आडनाव राखणे हा एक हक्क आहे खरा, परंतु तो अर्धा, हयातीपुरता हक्क आहे.

वतनाची जोड

जोडआडनाव मराठी मुलखाला मुळीच नवे नाही. विखे-पाटील, मोहिते-पाटील, नाईक-निंबाळकर ही घराणी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या नावांतील जोड कशाची आहे हे पाहण्यासारखे आहे. एक शब्द कुळाचा वा गावाचा, तर दुसरा अधिकाराचा वा किताबाचा. निंबळक गावावरून निंबाळकर आणि नाईक हा किताब. विखे हे कुळ आणि पाटील हा गावचा वतनी अधिकारी. घराण्याची ओळख आणि घराण्याची मिळकत अशा रीतीने नावात शेजारी शेजारी नांदतात. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या बाबतीत तर हुद्दा हेच आडनाव झाले आणि मूळचे उपनाव पुष्कळदा विसरले गेले. इनाम जमीन, वसुलीतील वाटा, गावकीतील मानपान हे सारे ज्या हुद्द्यामागून येत होते, तो हुद्दा नावात गुंफणे म्हणजे मालकीचा दाखलाच जवळ बाळगणे होते.

मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद संपुष्टात आले. वतनाचा आर्थिक पाया गेला, पण नाव गेले नाही. आज एखाद्या कचेरीत टिपणे लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांचा गावच्या दप्तराशी काडीचाही संबंध उरलेला नसतो. तरी ते आडनाव त्यांच्या नातवंडांपर्यंत बिनबोभाट पोचते. त्यासाठी कोणाला प्रतिज्ञापत्र करावे लागत नाही, की कोणी त्याला मिरवणे म्हणत नाही.

इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांच्या जोडआडनावांचा उगमही बऱ्याच अंशी याच जातीचा आहे. घराण्यात पुरुष वारस उरला नाही आणि इस्टेट मुलीच्या वाटेने जावयाकडे अथवा नातवाकडे जाऊ लागली, की मृत्युपत्रात अट घातली जाई: इस्टेट हवी असेल तर आमचे आडनाव आणि कुलचिन्हही धारण केले पाहिजे. मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकचे चर्चिल हे आडनाव, वारसा मुलीच्या वंशात गेल्यामुळे, मागे पडले होते. १८१७ साली पाचव्या ड्यूकने राजाच्या परवान्याने ते आपल्या स्पेन्सर या आडनावाला जोडून घेतले आणि स्पेन्सर-चर्चिल हे घराण्याचे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल याच घराण्यातले. आजीपणजीकडून आलेले आडनाव लावण्यात त्या उमरावांना कमीपणा वाटला नाही, कारण त्या नावामागे एका सेनानीची कीर्ती आणि ब्लेनहाइमचा प्रासाद उभा होता. नावाबरोबर काही मिळत असेल तर पुरुषही ते आनंदाने जोडून घेतो, हा या इतिहासाचा साधा धडा आहे.

दत्तक पुत्र आणि सून

हिंदू परंपरेत घराचे नाव सोडण्याचे तीन प्रसंग आहेत: संन्यास, दत्तकविधान आणि मुलीचा विवाह. संन्यासी सर्वस्वाचा त्याग करतो, त्यात नावही येते. दत्तक जाणाऱ्याचे नाव बदलते ते वारसाहक्क मिळावा म्हणून. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले. त्यांचे नाव शाहू झाले आणि आडनाव भोसले झाले. सासरी जाणाऱ्या मुलीप्रमाणे त्यांचेही नाव आणि आडनाव दोन्ही पालटले, परंतु त्या पालटाबरोबर एका संस्थानाची गादी त्यांच्याकडे आली.

मुलीचे नाव बदलले तेव्हा काय होत असे? माहेरच्या वारशातून ती वजा होई आणि सासरच्या वारशात जमा होत नसे. तिच्या वाट्याला येई ते अन्नवस्त्र आणि स्त्रीधन. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते. कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने या नव्या नावानेच मिळविली. दोघींच्या पतींनी पत्नीच्या शिक्षणासाठी लोकांचा रोष पत्करला, हे विसरता येत नाही. तरीही तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिण्याची रूढी त्या सुधारक घरांतही चालूच राहिली.

विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव सांगताना आपण आजही 'पूर्वाश्रमीच्या' असा शब्द वापरतो. हा शब्द संन्याशाच्या परिभाषेतला आहे. ज्याने घर, गोत आणि मिळकत यांवर पाणी सोडले, त्याच्या मागच्या आयुष्याला पूर्वाश्रम म्हणावयाचे. संन्यासी तो स्वेच्छेने टाकतो. नवऱ्या मुलीला तिची इच्छा विचारण्याची पद्धत नव्हती. भाषेने मात्र दोघांना एकाच रकान्यात बसविले.

मर्यादित मालकी

हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा १९३७ चा कायदा येथे आठवतो. त्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, परंतु तो तिच्या हयातीपुरता. तिने उत्पन्न घ्यावे; कायद्याला मान्य अशा निकडीवाचून मिळकत विकू नये; मृत्युपत्राने ती कोणाला देऊ नये. तिच्यामागे ती मिळकत तिच्या वारसांकडे न जाता पतीच्या वारसांकडे परत जाई. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ही मर्यादित मालकी पूर्ण मालकीत बदलली. पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

जमिनीच्या बाबतीत कायदा येथवर आला. नावाच्या बाबतीत समाज अजून १९३७ च्या मुक्कामी आहे. जोडआडनाव लावणारी स्त्री दोन्ही आडनावांचा उपभोग घेते, पण तो आपल्या हयातीत. मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर बहुधा वडिलांचेच आडनाव चढते. विखे-पाटील ही जोड पिढ्यान्‌पिढ्या चालते. स्त्रीने लावलेली जोड तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर संपते. दोन्ही ठिकाणी रेघ सारखीच दिसत असली, तरी एक वारसाने जाणारी आहे आणि दुसरी भोगवट्याची.

मग ही अपुरी जोड तरी स्त्रियांना का हवीशी वाटली? त्याचे कारण आर्थिक आहे. पूर्वी मुलीच्या नावावर बाहेरच्या जगात काही जमा होण्याआधीच तिचे लग्न होई. नाव बदलल्याने हिशेबी नुकसान होण्याजोगे काही नसे. शिक्षण लांबले, लग्नाचे वय वाढले, नोकरी आली. आणि लग्नाआधीच मुलीच्या नावावर पदव्या, शोधनिबंध, मैफली, अशिलांचा विश्वास अशी पुंजी साचू लागली. चालू दुकान विकताना मालाच्या किमतीखेरीज नावलौकिकाची किंमत वेगळी आकारतात. नाव बदलणे म्हणजे ही किंमत स्वतःच्या हाताने सोडून देणे. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला विजया जयवंत, विजया खोटे आणि विजया मेहता या तिन्ही नावांमागे एकच दिग्दर्शिका आहे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. त्यांच्यासारख्या असामान्य व्यक्तीचे कर्तृत्व तीन नावांना पुरून उरते. सामान्य शिक्षिकेच्या वा संशोधक विद्यार्थिनीच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. तेव्हा माहेरच्या आडनावाखाली मिळविलेले राखावयाचे आणि सासरलाही दुखवावयाचे नाही, अशी ही तडजोड आहे.

कागदोपत्री मोजावी लागणारी किंमत

या तडजोडीची किंमत कचेरीच्या खिडकीशी मोजावी लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, पदवीवर तेच, विवाह नोंदणीनंतर सेवापुस्तकात दुसरे, बँकेच्या खात्यावर रेघेसह आणि पॅनकार्डावर रेघेविना तिसरे, असा प्रकार लिपिकवर्गाच्या चांगलाच परिचयाचा आहे. पूर्वी ओळखीचा लिपिक दोन नावे एकाच बाईची आहेत हे समजून घेई. संगणकाला ओळखदेख नसते. त्याला अक्षरास अक्षर जुळावे लागते. पॅन आणि आधार यांची जोडणी आवश्यक झाल्यापासून नावांतील तफावत ही किरकोळ बाब राहिलेली नाही. त्यातच आधारवरील नाव सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येते. लग्नानंतर एकदा बदलले आणि दुर्दैवाने घटस्फोटानंतर पूर्ववत केले, की ती मर्यादा संपली. नोटरी, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी, खेटे आणि बुडालेली रजा हा सारा खर्च विवाह नावाच्या एका संस्थेचा असून तो दोन भागीदारांपैकी एकटीकडूनच वसूल होतो.

हा प्रश्न सुशिक्षितांपुरताच आहे, असेही समजू नये. मजुरी आणि अनुदाने थेट बँकेच्या खात्यात जमा होऊ लागल्यापासून, हजेरीपटावरचे नाव आणि खात्यावरचे नाव न जुळल्यास कष्टकरी बाईची रक्कम अडते. तिने जोडआडनाव हौसेने लावलेले नसते; तिच्या नावाची दोन-तीन रूपे निरनिराळ्या कचेऱ्यांनी निरनिराळ्या वेळी लिहिलेली असतात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे केला. सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव लागणे म्हणजे काय, हे त्या मोहिमेने ग्रामीण महाराष्ट्राला दाखविले. ज्या नावावर जमीन लागते, ते नाव स्थिर नसेल तर त्या जमिनीवरील हक्कही डळमळीत होतो.

काही आक्षेप

यावर नेहमीचा आक्षेप असा, की माहेरचे आडनाव तरी स्त्रीचे स्वतःचे कोठे असते? तेही वडिलांचेच. आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. पण हाच न्याय पुरुषाला लावून पाहावा. पुरुषाचे आडनावही त्याच्या वडिलांकडूनच येते, तरी ते त्याचे नव्हे असे कोणी म्हणत नाही. जन्मापासून ज्या नावाने हाक आली, ज्या नावाने परीक्षा दिल्या, ते वापराने आपले होते. मुलाच्या बाबतीत मान्य असलेले हे तत्त्व मुलीच्या बाबतीत नाकारण्यास सबळ कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात आडनाव बहुधा जात सांगते. जोडआडनाव ती दोनदा सांगते. दोन प्रतिष्ठित आडनावे जोडून मिरविण्यात कुलाभिमानाचा अंश असू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. या जाणिवेतूनच काही जणांनी आडनाव टाकून आपल्या नावापुढे आई आणि वडील यांची केवळ नावे लावण्याचा मार्ग पत्करला आहे. तो मार्ग आदरास पात्र आहे. नाव रक्तातून येत नाही, कागदावर घडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्यासमोरच आहे. घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे आणि साताऱ्याच्या शाळेतील नोंद आंबेडकर. पुढे त्या नावाला जो अर्थ आला तो कुळाने दिलेला नव्हता, त्या पुरुषाच्या कर्तृत्वाने दिलेला होता. आडनाव टाकावयाचे की राखावयाचे, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मात्र एकाला तो निर्णय घेण्याची मुभा आणि दुसरीला लग्नाच्या दिवशी तो आयता हाती मिळणे, ही विषमता जातीच्या प्रश्नाने समर्थनीय ठरत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. दोन जोडआडनावांच्या कुटुंबांत लग्न झाले तर मुलांनी चार आडनावे लावावयाची काय, आणि नातवंडांनी आठ? हे गणित विनोदासाठी ठीक आहे. पण ज्या देशांनी ते शतकानुशतके सोडविले आहे, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे त्यातील अडचण उरत नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात: एक वडिलांचे पहिले आणि एक आईचे पहिले. लग्नानंतर स्त्री ती बदलत नाही. पुढच्या पिढीत प्रत्येक पालकाकडून एकेकच आडनाव जात असल्याने संख्या दोनावरच राहते. परंपरेने वडिलांचे आडनाव आधी येत असल्यामुळे नातवंडांपर्यंत आजोबांचीच नावे पोचत. १९९९ च्या कायद्याने क्रम ठरविण्याची मुभा पालकांना मिळाली आणि २०११ च्या कायद्याने, जो या बाबतीत २०१७ पासून अमलात आला, वडिलांच्या आडनावाचे आपोआप येणारे अग्रस्थानही काढून घेतले. इटलीच्या घटना-न्यायालयाने २०२२ मध्ये, पालकांनी वेगळे ठरविले नसेल तर मुलाला दोघांचीही आडनावे मिळावीत, असा निर्णय दिला.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. पोर्तुगीज रीतीत आईचे आडनाव आधी आणि वडिलांचे शेवटी येते; गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या काही घराण्यांत ती रीत रुजली. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या नावातील ब्रागांझा हे आईकडचे आणि कुन्हा हे वडिलांकडचे. आईचे आडनाव मुलाने लावल्याने कुटुंब मोडत नाही, हे शेजारच्याच भूमीत दिसून आलेले आहे.

पुढचे पाऊल

भारतात विवाहित स्त्रीने आडनाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा नाही. पारपत्रासाठी लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, हे एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधानांनीही जाहीरपणे सांगितले. मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार, वडिलांच्या निधनानंतर नैसर्गिक पालक या नात्याने आईला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र शासनाने तर १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आवश्यक केला. देशातील पहिले महिला धोरण १९९४ मध्ये आखणाऱ्या राज्याला साजेसाच हा निर्णय आहे. आईचे नाव कागदावर आले, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि त्या निर्णयाची सीमाही ओळखली पाहिजे. आईचे पहिले नाव आत आले. शेवटी येणारे आडनाव मात्र रूढीने वडिलांचेच राहिले. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव लिहिण्याची पद्धतही त्या निर्णयाने कायमच ठेवली.

म्हणून पुढचे पाऊल तीन गोष्टींचे असावयास हवे. पहिली, विवाहानंतर स्त्रीचे नाव आहे तसेच राहणे हा सर्व कचेऱ्यांतील नियम असावा आणि बदल हा तिने स्वतः लेखी मागितला तरच व्हावा. आज व्यवहारात याच्या उलट घडते. नाव न बदलणारीलाच त्याचा खुलासा करावा लागतो. दुसरी, एका अधिकृत कागदावर सिद्ध झालेले नाव इतर सर्व ठिकाणी पुरेसे मानले जावे. रेघ आहे की नाही, यावरून कोणाचे निवृत्तिवेतन वा मजुरी अडू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जन्मनोंदणीच्या अर्जात मुलाच्या आडनावाचा रकाना पालकांनी मिळून भरावा, आणि त्यात वडिलांचे, आईचे, दोघांचे किंवा कोणाचेच नाही, असे चारही पर्याय सारख्याच मानाने खुले असावेत.

यातील तिसऱ्या सुधारणेला सर्वाधिक विरोध होईल, हे उघड आहे. कारण पहिल्या दोहोंत स्त्रीची सोय आहे, तर तिसरीत तिचा वारसा आहे. मर्यादित मालकी पूर्ण करण्यासाठी मालमत्तेच्या कायद्याला १९३७ पासून १९५६ पर्यंत एकोणीस वर्षे लागली. तेव्हाही घरे मोडतील, भावाबहिणींत वैर येईल, अशी भीती घातली गेली होती. घरे टिकली. शिक्षक वर्गात हजेरी घेतात आणि लिपिक नोंदवहीत नाव चढवितात, तेव्हा ते कोणाची तरी ओळख कायम करीत असतात. त्या नोंदीत आईचे आडनावही मुलाकडे जाऊ शकेल, तेव्हाच जोडआडनावातील रेघ भोगवट्याची न राहता मालकीची होईल.